आईबापांचे बालपण आणि पाळण्यातले बाळ

घरात सून गरोदर आहे असे कळले की सगळ्यांची लगबग सुरू होते. आरोग्य केंद्रात नाव नोंदविले जाते, लोहाच्या गोळ्या येतात, धनुर्वाताची इंजेक्शने होतात, सोनोग्राफीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिली जाते. म्हातारी माणसे जुनी मऊ लुगडी काढून दुपटी शिवायला घेतात. डिंक, खारीक, खोबरे जमू लागते. ही तयारी योग्यच आहे. पण या गडबडीत एक प्रश्न कोणी विचारीत नाही. जी मुलगी आता आई होणार आहे आणि जो मुलगा बाप होणार आहे, त्यांचे स्वतःचे बालपण कसे गेले? त्यांना कोणी जवळ घेतले, कोणी मारले, त्यांना कोणाची भीती वाटत होती?

हा प्रश्न आता कशाला उकरून काढायचा, असे काही वाचकांना वाटेल. झाले ते झाले, लग्न झाले, संसार सुरू झाला. आमचे म्हणणे असे की, हा प्रश्न विचारण्याची वेळ हीच आहे. माणूस स्वतः आईबाप होऊ लागतो तेव्हा त्याचे मिटलेले बालपण पुन्हा उघडते. ते मायेचे असेल तर त्याचा आधार होतो. जखमी असेल तर ती जखम पाळण्यापर्यंत पोचू शकते. 'पोचू शकते' असे आम्ही जाणूनबुजून म्हणतो, 'पोचतेच' असे म्हणत नाही. या दोहोंमधील अंतर कशामुळे पडते, हेच प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे.

आघात कशाला म्हणावे

आईने कधी एखादा धपाटा घातला किंवा घरात एखाद्या दिवशी भांडण झाले, म्हणजे आघात नव्हे. मुलाला आपल्या जिवाची किंवा अब्रूची भीती वाटावी आणि त्या भीतीत त्याला सावरणारे जवळ कोणी नसावे, तेव्हा त्याला मानसिक आघात म्हणतात. दारू पिऊन येणाऱ्या बापाची चाहूल लागताच गोधडीखाली श्वास रोखून पडणे, आईला मार खाताना रोज पाहणे, नात्यातल्याच माणसाने अंगाशी केलेले चाळे आणि वर 'कोणाला सांगितलेस तर बघ' ही धमकी, आईचा अकाली मृत्यू, ऊसतोडीला गेलेल्या आईबापांवाचून महिनोन्महिने काढलेले दिवस, भर वर्गात जातीवरून झालेली हेटाळणी, ही त्याची आपल्या ओळखीची रूपे होत.

हे थोड्याथोडक्यांच्या वाट्याला येते असेही नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतील १२,४४७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. दर तीन मुलांमागे दोघांनी मार सोसला होता आणि निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास सोसल्याचे सांगितले होते. ती मुले आज आईबाप होण्याच्या वयाची झाली आहेत. त्यांच्यापैकी कितीजणांना याविषयी पुन्हा कोणी काही विचारले असेल?

अमेरिकेतील सॅन डिएगो येथे डॉ. व्हिन्सेंट फेलिट्टी आणि डॉ. रॉबर्ट अँडा यांनी साडेनऊ हजार प्रौढांची माहिती घेऊन १९९८ साली निष्कर्ष मांडले. ही माणसे आरोग्य विमा असलेली, बऱ्यापैकी खाऊनपिऊन सुखी होती. तरीही त्यांपैकी निम्म्याहून अधिकांच्या बालपणात असा एक तरी प्रकार घडला होता. जितके प्रकार अधिक तितके पुढे नैराश्य, व्यसन आणि हृदयविकारासारखे आजारही अधिक, असे त्यांना दिसले. मात्र या प्रश्नावलीचे गुण मोजून एखाद्या माणसाचे भविष्य सांगू नये, असा इशारा पुढे २०२० साली अँडा यांनीच आपल्या सहकाऱ्यांबरोबर दिला. समूहाविषयीचा निष्कर्ष हा एकेका माणसाचा निवाडा नव्हे, हे विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे.

गरोदरपण आणि माहेर

धोक्यात वाढलेल्या मुलाच्या मेंदूला सतत सावध राहण्याची सवय लागते. दाराचा आवाज, मोठ्याने बोललेला शब्द, अंधारातली पावले यांनी छातीत धडधडते, स्नायू ताठतात, झोप उडते. शरीरात ताण वाढविणारी द्रव्ये वारंवार स्रवतात. मोठेपणी धोका सरला तरी ही सवय एकदम जात नाही. गरोदरपणात तर शरीर आपल्या ताब्यात राहिले नाही असे कोणत्याही बाईला वाटतेच. जिच्या अंगाला लहानपणी नको तो हात लागला आहे, तिला तपासणीच्या टेबलावर झोपणे, परक्या माणसाने पोटावर हात ठेवणे, आतून तपासणी करणे हे सगळे असह्य होऊ शकते. मग ती तपासणी चुकवते, किंवा टेबलावर दगडासारखी निश्चल होते. कागदावर नोंद होते 'सहकार्य करीत नाही'. घरचे म्हणतात, हलगर्जी आहे. पोटातली मुलगी असेल या विचाराने काही जणी घाबरतात. त्यामागे मुलाची हाव असतेच असे नाही. जे माझे झाले तेच हिचे होईल, ही भीती असते.

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. ही रीत चांगली आहे. सासरच्या कामातून सुटका मिळते, हक्काचे माणूस जवळ असते, सव्वा महिना अंगाला तेलपाणी होते. पण सगळ्यांचे माहेर सारखे नसते. जिने लहानपणी ज्या घरात मार खाल्ला, ज्या घरात काकाची किंवा मामाची भीती बाळगली, तिला आयुष्यातल्या सर्वांत नाजूक दिवसांत आपण त्याच घरी, त्याच खोलीत पाठवितो. ती नाही म्हणू शकत नाही, कारण माहेरी जायला नको म्हणणारी मुलगी लोकांना विचित्र वाटते. सासूला वाटते, हिला आमच्याकडेच लाडाने राहायचे आहे. आईला वाटते, लेक परकी झाली. अशी एखादी सून 'मी इथेच राहते' म्हणाली तर घरातील वडीलधाऱ्यांनी कारण विचारून तिला उघडे पाडू नये. 'बरे, तुझी आईच इथे येऊन राहील' एवढे म्हटले तरी पुष्कळ होते, अर्थात आईची भीती नसेल तर.

दुसरी गोष्ट वयाची. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांची लग्ने अठरा वर्षांच्या आत झालेली होती. यांच्या बाबतीत बालपणीचा आघात आणि मातृत्व यांमध्ये सावरायला वर्षेच उरत नाहीत. बालविवाह हाच त्यांपैकी अनेकींचा आघात असतो.

बाळ रडते तेव्हा

बाळाचे रडणे हे त्याचे बोलणे आहे. ते ऐकून बहुतेक आईबापांच्या पोटात कालवते आणि हात आपोआप पुढे होतात. परंतु ज्याला लहानपणी रडल्याबद्दल मार बसला किंवा ज्याच्या रडण्याकडे कोणी फिरकलेच नाही, त्याच्या आत ते रडणे ऐकून काय होते? कोणाला राग येतो, इतका की त्याचे त्यालाच भय वाटते. कोणी सुन्न होतो. बाळ समोर टाहो फोडीत असते आणि आई भिंतीकडे पाहत बसते. कोणी उलट टोकाला जाते, बाळाला क्षणभरही खाली ठेवीत नाही, आजीच्याही हातात देत नाही, रात्रभर त्याचा श्वास तपासत जागते. बाहेरून पाहणारे पहिल्याला तापट म्हणतात, दुसरीला निष्काळजी म्हणतात आणि तिसरीला अतिलाडिक म्हणतात. तिघांचे मूळ एक असू शकते, हे लक्षात येत नाही.

या बाबतीत सेल्मा फ्रायबर्ग या विदुषीचे काम मूलभूत मानले जाते. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात, अ‍ॅन आर्बर येथे, त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान बाळे आणि त्यांचे आईबाप यांच्यासाठी उपचार सुरू केले. १९७५ साली त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. बाळाच्या खोलीत आईबापांच्या भूतकाळाची भुते वावरतात, अशा अर्थाचे त्याचे नाव आहे. (भूतबाधा मानणाऱ्यांनी हुरळून जाऊ नये, ही भुते म्हणजे न बोललेल्या आठवणी.) त्यात साडेपाच महिन्यांच्या एका मुलीची हकीकत आहे. मुलगी आक्रोश करीत असे आणि आई दूर कुठेतरी पाहत बसे, जणू तिला ऐकूच येत नाही. उपचार करणाऱ्यांनी तिला 'बाळाला उचल' असा उपदेश केला नाही. ही आई आपल्या बाळाचे रडणे का ऐकत नाही, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. त्या घरी जात राहिल्या, आईचे ऐकत राहिल्या. तिची स्वतःची आई तिला लहानपणीच दुरावली होती, ती नातेवाइकांच्या घरी वाढली होती आणि तिचे रडणे कोणी ऐकले नव्हते. ही हकीकत ती प्रथम कोरडेपणाने सांगत असे. हळूहळू त्यातले दुःख वर आले, ती रडली आणि कोणीतरी तिचे रडणे ऐकून घेतले. त्यानंतर तिने आपल्या मुलीला जवळ ओढून घ्यायला सुरुवात केली. कोणी सांगितले म्हणून नव्हे, आपसूक.

फ्रायबर्ग यांच्या निबंधाचे सार असे, की ज्यांना घडलेल्या गोष्टी आठवतात पण त्या वेळची वेदना आठवत नाही, त्यांच्याकडून तेच पुन्हा घडण्याचा धोका अधिक असतो. 'आम्ही काय कमी मार खाल्ला? खाल्ला म्हणून तर सुधारलो' असे हसत सांगणारी माणसे आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत. त्यांना मार आठवतो, पण मार खाणाऱ्या त्या लहान मुलाला काय वाटत होते ते आठवत नाही. ज्याला ते आठवते, त्याचा उगारलेला हात खाली येतो.

तीन मुलांपैकी दोन

मार खाल्लेला मूल मारणारा बाप होतो, असे सर्रास म्हटले जाते. हे विधान अर्धवट आहे आणि घातकही आहे. जोन कॉफमन व एडवर्ड झिग्लर यांनी १९८७ साली तोवरच्या संशोधनाचा आढावा घेऊन असा अंदाज दिला, की छळ सोसलेल्यांपैकी सुमारे ३० टक्के आईबाप आपल्या मुलांचा छळ करतात. म्हणजे तिघांपैकी दोघे करीत नाहीत. पुढच्या काही अभ्यासांत तर हे प्रमाण नेमके किती, याविषयीच मतभेद झाले, कारण ज्यांचे नाव एकदा सरकारी दप्तरी लागते त्यांच्या घरांवर नजरही अधिक असते. ते काहीही असो, तिघांपैकी जे दोघे साखळी तोडतात ते कसे तोडतात, हा आपल्या कामाचा प्रश्न आहे.

याचे उत्तर मिनिआपोलिस शहरातून मिळते. तेथे १९७५ पासून गरीब घरांतील, पहिलटकरीण असलेल्या २६७ गरोदर स्त्रियांची नावे सरकारी दवाखान्यांतून घेऊन त्यांचा व त्यांच्या मुलांचा अनेक वर्षे मागोवा घेण्यात आला. बायरन एगलँड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली त्यांतील लहानपणी छळ सोसलेल्या मातांची तुलना केली. ज्यांनी आपल्या मुलांना तो छळ दिला नाही, त्यांच्या आयुष्यात तीन गोष्टी अधिक आढळल्या. लहानपणी एखादे तरी मोठे माणूस असे होते की ज्याने त्यांना माया दिली. पुढे कधीतरी त्यांना मानसोपचार मिळाले होते. आणि आता त्यांना साथ देणारा जोडीदार होता. यांपैकी पहिली गोष्ट आता कोणाला बदलता येणार नाही. उरलेल्या दोन मात्र नवऱ्याच्या, घराच्या आणि समाजाच्या हातात आहेत.

लंडनमध्ये पीटर फोनागी, हॉवर्ड स्टील आणि मिरियम स्टील यांनी केलेला अभ्यास याहून सूक्ष्म आहे. पहिलटकरणींना त्यांनी बाळंतपणापूर्वीच त्यांच्या बालपणाविषयी सविस्तर विचारले. यासाठी अमेरिकेत मेरी मेन व सहकाऱ्यांनी तयार केलेली मुलाखत वापरली. त्या मुलाखतीत, आईशी तुमचे नाते कसे होते ते पाच शब्दांत सांगा आणि प्रत्येक शब्दाला धरून एखादी आठवण सांगा, असे विचारतात. बाळे एक वर्षाची झाल्यावर त्यांना आईचा लळा कसा लागला आहे ते तपासले. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार सुमारे ७५ टक्के बाबतींत आईच्या सांगण्यावरून बाळाच्या लळ्याचा अंदाज बरोबर आला होता. अजून न जन्मलेल्या बाळाविषयीचा अंदाज!

आणि तो अंदाज आईवर काय गुदरले यावरून केलेला नव्हता. ती ते कसे सांगते यावरून केलेला होता. एखादी म्हणते, 'सगळे छान होते', पण आठवण विचारली तर एकही निघत नाही. दुसरी बोलू लागली की जुना राग आजचाच असल्यासारखा उफाळतो आणि ती त्यातच गुरफटते. तिसरी म्हणते, बाप मारायचा, मला फार भीती वाटायची, आई वाचवू शकली नाही, तिचेही काही चालत नव्हते. तिसरीचे बालपण पहिलीपेक्षा वाईट असेल, पण तिची गोष्ट तिच्या हातात आहे. अशा आयांची बाळे बहुतांशी निर्धास्त आढळली.

या ठिकाणी शब्दाविषयी एक खुलासा करावासा वाटतो. इंग्रजीतील 'अटॅचमेंट' या संज्ञेसाठी काही पुस्तकांत 'आसक्ती' हा शब्द वापरतात. बौद्ध वाचकाचा त्याने गोंधळ होतो, कारण आसक्ती ही आपण सोडावयाची गोष्ट मानतो. तान्ह्या बाळाला माणसाचा लळा लागणे ही आसक्ती नव्हे. ते दुधाइतकेच गरजेचे आहे. आमच्या मते 'लळा' हाच शब्द बरा.

आईने चोवीस तास अचूक वागावे असाही याचा अर्थ नाही. एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, आईने थोडा वेळ चेहरा निर्विकार ठेवला तरी बाळ कसे कासावीस होते हे दाखविले. पण त्यांच्याच पुढील कामातून हेही दिसले की निरोगी मायलेकरांचेही सूर बराच वेळ चुकतात आणि पुन्हा जुळतात. बाळाला हे पुन्हा जुळणेच शिकवते. बाळावर एकदा खेकसलेली आई नंतर त्याला जवळ घेऊन शांत करते, तेव्हा ती आपल्या बालपणी जे घडले नाही तेच करीत असते.

धम्माच्या दृष्टीने

आपल्यातही अजून काही घरांत दुखावलेल्या बाईला 'पूर्वजन्मीचे भोग' असे सांगितले जाते. बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात कर्मसिद्धान्ताची चिकित्सा करून, आजच्या दुःखाचे खापर मागील जन्मावर फोडणारा विचार बुद्धाचा नाही असे प्रतिपादन केले. लहान मुलावर झालेला अत्याचार हा त्या मुलाच्या कर्माचे फळ नसतो. तो अत्याचार करणाऱ्याचे कर्म असतो. हे वाक्य गरोदर बाईच्या कानावर पडले पाहिजे, कारण बहुतेक जणी मनातल्या मनात स्वतःलाच दोषी मानीत असतात. प्रतीत्यसमुत्पाद मात्र येथे तंतोतंत लागू पडतो. दुःखाला कारण आहे आणि कारण दूर केले की ते पुढे चालत नाही.

मज्झिमनिकायात अंगुलिमालाचे सुत्त आहे. पुष्कळांना तो दरोडेखोर आणि त्याच्या गळ्यातली बोटांची माळ एवढेच ठाऊक असते. भिक्खू झाल्यावर तो श्रावस्तीत भिक्षेला गेला असता एक स्त्री अडलेली त्याला दिसली. त्याचे मन कळवळले. बुद्धाने त्याला तिच्याकडे जाऊन सत्यवचन उच्चारावयास सांगितले: जन्मापासून मी जाणूनबुजून जीव घेतला नाही, या सत्याने तुझे व बाळाचे कल्याण होवो. अंगुलिमाल म्हणाला, हे तर खोटे ठरेल. तेव्हा बुद्धाने त्यात दुरुस्ती केली, की आर्य जन्म घेतल्यापासून, असे म्हण. श्रीलंकेत आजही हे परित्त गरोदर स्त्रीसाठी म्हटले जाते आणि आपल्याकडील संस्कारपद्धतीच्या पुस्तिकांतही गर्भमंगल विधी असतो. चमत्काराचा भाग बाजूला ठेवला तरी त्या दुरुस्तीत मोठा अर्थ आहे. भूतकाळ झाकायचा नाही, खोटे बोलायचे नाही, आणि तरीही येथून पुढचे आयुष्य वेगळे मोजायचे. ज्या बापाला आपल्या बापासारखे व्हायचे नाही, त्याला याहून वेगळे काय हवे असते?

माया देणारे माणूस जन्मदातेच असले पाहिजे असेही नाही. सिद्धार्थाची आई महामाया सात दिवसांत गेली; महाप्रजापती गौतमीने त्याला वाढविले. बाबासाहेब पाच-सहा वर्षांचे असताना भीमाबाई गेल्या. आत्या मीराबाईंनी त्यांना सांभाळले. रमाई तर आईबाप दोन्ही गमावून मुंबईत काकांकडे वाढल्या. मिनिआपोलिसच्या अभ्यासात ज्या 'एका मोठ्या माणसा'चा उल्लेख आला, ते माणूस आपल्या घरांत अनेकदा आत्या, मावशी किंवा आजी असते.

वेशीबाहेरचे आणि घरातले

आघाताला शब्द देण्याचे काम आपल्या समाजाला नवे नाही. १९०१ साली मसूर स्थानकावरून गोरेगावला जाताना भावंडांसह सोसलेला अपमान आणि रात्रभराची तहान बाबासाहेबांनी अनेक वर्षांनी स्वतः लिहून काढली. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले. शांताबाई कांबळे यांनी आपल्या जन्माची चित्तरकथा लिहिली, बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं'मध्ये बाळंतिणीच्या उपासमारीचे वर्णन केले. पाटलाच्या वाड्यापुढे, शाळेच्या दारात, पाणवठ्यावर काय झाले हे आपण सांगायला शिकलो, आणि त्याने एक पिढी ताठ उभी राहिली.

पण घराच्या चार भिंतींत काय झाले, हे सांगायला आपण त्या मानाने शिकलो नाही. समाजाची बदनामी होईल, विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल, ही भीती त्यामागे आहे आणि ती अगदीच निराधार नाही. तरीही दिवसभर हिणवला गेलेला बाप रात्री घरी येऊन पोरांना बडवतो, तेव्हा त्या पोरांच्या वाट्याला दोन्ही अपमान येतात. पहिल्याविषयी सभेत बोलता येते. दुसऱ्याविषयी निदान एका माणसाजवळ तरी बोलता यावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

पुरुषांविषयी वेगळे लिहावे लागते, कारण त्यांना कोणी विचारीतच नाही. बायको माहेरी गेलेली, हा एकटा, मित्र म्हणतात पार्टी दे. बाप होण्याच्या दिवसांत ज्याला आपल्या बापाची काठी आठवते तो दारूकडे वळतो, कामाचे निमित्त करून लांब राहतो, किंवा बाळ हातात घ्यायलाच घाबरतो. 'माझ्याकडून काही होईल' असे त्याला वाटत असते आणि घरच्यांना वाटते, याला लेकराची माया नाही. अशा तरुणाला बाळाची अंघोळ, दुपटे बदलणे, ढेकर काढणे ही कामे पहिल्या आठवड्यापासून दुसऱ्या कोणाच्या सोबतीने द्यावीत. हाताला सवय झाली की भीती ओसरू लागते.

मदत कोठे आहे

यासाठी अमेरिकेकडेच पाहावे लागते असे नाही. गोव्यात डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी एका जिल्हा रुग्णालयात आलेल्या २७० मातांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध केला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांना नैराश्य होते आणि त्यांपैकी बहुतेकींचा त्रास गरोदरपणातच सुरू झालेला होता. गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगी झाल्याची नाराजी ही त्यातील ठळक कारणे होती. बालपणीच्या जखमेवर आजची मारहाण पडली की ती कशी भरेल? म्हणून पहिला उपचार आजची मारहाण थांबविणे हाच. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे. पाकिस्तानातील रावळपिंडीच्या खेड्यांत आरोग्यसेविकांना गरोदर स्त्रियांशी बोलण्याचे साधे प्रशिक्षण देऊन नैराश्य निम्म्याने कमी करता आले, असे डॉ. आतिफ रहमान यांनी २००८ साली दाखविले. मोठमोठे तज्ज्ञ नसतानाही हे होऊ शकते.

आपल्याकडे दवाखान्यात बाळंतपण झाले की आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. नवजात बाळाच्या घरभेटींची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या कामातून पुढे आली. बाळाचे वजन, ताप, दूध यांची चौकशी होतेच. त्या वेळी घरच्यांनी पाच मिनिटे बाहेर जावे आणि बाळंतिणीला आशाताईंजवळ एकटीने बोलू द्यावे. मंडळाच्या महिला सभासदांपैकी कोणी भेटीला गेल्यास बाळाला पाहण्याआधी आईला 'तुला झोप लागते का? तुझ्या मनात काय चालते?' असे विचारावे. तिने काही सांगितलेच तर ते चौकात नेऊ नये, आणि 'विसरून जा' असेही म्हणू नये. सांगण्यासाठी तिला घाईही करू नये. ज्याची तयारी नाही त्याच्याकडून जुनी हकीकत ओढून काढल्याने त्रास वाढतो.

दोन आठवड्यांहून अधिक काळ रडू येणे, भूक-झोप जाणे, बाळाविषयी काहीच न वाटणे किंवा मरणाचे विचार येणे अशी लक्षणे असतील तर सरकारी रुग्णालयातील मानसोपचार विभागात न्यावे. २०२२ पासून सुरू झालेल्या 'टेली मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांत बाई असंबद्ध बोलू लागली, तिला आवाज ऐकू येऊ लागले, बाळ आपले नाहीच असे ती म्हणू लागली, तर ती बाधा नसून आजार आहे. हजारात एकदोघींना तो होतो आणि औषधाने बरा होतो. अशा वेळी देवऋषीकडे वेळ न घालवता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, आणि तोवर बाई व बाळ यांच्याजवळ एक जागे माणूस सतत असावे.